पेपरमिंट तेलाचे घरातले प्रयोग: जून ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

८ जून, शनिवार

मृग लागला आणि मुंग्या घरात. दरवर्षीचंच आहे. साताऱ्यात आमचं घर जुनं, बैठं, मागे न्हाणी, न्हाणीच्या मागे जांभळाचं झाड, ओल चढायला लागली की आधी काळ्या मुंग्या ओट्यावर येतात आणि मग त्यांच्या मागून लाल. मुंग्यांचा खडू यंदा ओढायचा नाही असं ठरवलं कारण मनी (मांजर) ओट्याखालीच झोपते आणि पोरगा सात वर्षांचा, हात कुठेही लावतो आणि तोच तोंडात. मग काहीतरी नैसर्गिक बघू म्हणून पेपरमिंट तेल.

पोवई नाक्याच्या बाजूच्या एका दुकानातून १५ मिलीची बाटली घेतली, २८० रुपये. लेबलवर मोठ्या अक्षरात पेपरमिंट ऑइल, पुदिन्याच्या पानाचं चित्र, आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात काहीतरी लॅटिन. ते वाचलं नाही. वाचायला हवं होतं, १४ जुलैची नोंद बघा.

काय काय करायचंय ते कागदावर लिहिलं: मुंग्या, माळ्यावरचे उंदीर, बाथरूमचा कुबट वास, आईंचं (सासूबाई) डोकं.

पहिली चूक घरी पोचायच्या आधीच. रिक्षात झाकण उघडलं आणि थेट बाटलीला नाक लावलं. नाकापासून कपाळापर्यंत बर्फाची सळई घातल्यासारखं झालं, डोळ्यांना धार लागली, रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, ताई काही झालंय का घरी? तर वास घ्यायचा असेल तर झाकणाचा घ्या, तोही हातभर लांबून.

९ जून, रविवार

काच पुसायच्या स्प्रेची रिकामी बाटली धुवून ५०० मिली पाणी भरलं, त्यात १५ थेंब तेल. ओट्यावर, खिडकीच्या कडेला, गॅसच्या पाइपजवळ मारलं. वास झकास. मुंग्या थांबल्या, दोनेक मिनिटं चक्रावल्यासारख्या गोल फिरल्या आणि मग ओल्या भागाला वळसा घालून मिसळणाच्या डब्यामागून नवीन रांग. मी परत मारलं, त्यांनी परत वळसा घातला, असं अर्धा तास चाललं, शेवटी पोहे करपले.

संध्याकाळी बाटली उजेडात धरली तेव्हा कळलं, तेल सगळं वरती तरंगतंय, चकचकीत पातळ थर, आणि स्प्रेची नळी तळाला. म्हणजे सकाळपासून मी साधं पाणी मारत होते. हलवून मारलं तरी दहा सेकंदात परत वर येतं.

१२ जून, बुधवार

याला अपघातच म्हणते. त्याच स्प्रेच्या बाटलीत तळाला दोन बोटं पाणी उरलेलं, म्हटलं संपवून टाकू. आता वरचा थर खाली पोचलेला आणि नळीतून निघालं ते जवळजवळ नुसतं तेल, सगळं हातावर. पाण्याने हात धुतले, वास येत होता पण म्हटलं येऊदे, छान आहे की. रात्री झोपताना त्याच बोटांनी कॉन्टॅक्ट लेन्स काढायला गेले.

कसं वाटतं ते लिहून सांगता येत नाही. मिरचीचा हात लागल्यावर आग होते, इथे आग आणि गारठा दोन्ही एकदम, डोळा उघडतच नाही. आई दुधाची वाटी घेऊन बाथरूमच्या दारात, "दूध घाल गं, थंड पडेल". नाही घातलं. डोळ्यात पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही एवढं डोकं त्यावेळी चाललं हे नशीब. नवऱ्याने पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन बारीक धार धरली, घड्याळ लावून १५ मिनिटं, मी मध्ये दोनदा पुरे म्हटलं तरी थांबला नाही. दुसरी लेन्स काढायच्या आधी हात भांड्याच्या साबणाने दोनदा.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. धुतलं ते बरोबर केलं म्हणाले, थोडी लाली आहे, तीन-चार दिवस लेन्स नको. फी ३००. त्या लेन्स फेकल्या, तेल बसलेली लेन्स परत घालायची नसते, ते ४०० गेले.

हातावरच्या तेलाचं: नुसत्या पाण्याने ते जात नाही, पसरतं. आधी कोरड्या कापडाने पुसायचं, मग खोबरेल चोळून परत पुसायचं, मग साबण. ही पद्धत फक्त कातडीसाठी, डोळ्यासाठी नाही.

१६ जून, रविवार

स्प्रे दुसऱ्यांदा. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट १०० मिली (५५ रुपये) आणि दोन नवीन स्प्रेच्या बाटल्या (१२०). सोबत सुई नसलेली सिरिंज मागून घेतली, थेंब मोजण्याचा वैताग आला होता. सगळीकडे लिहिलेलं असतं की २० थेंब म्हणजे १ मिली. माझ्या बाटलीच्या तोंडातून पाडून मोजले तर १ मिलीला २७ थेंब भरले. बाटलीगणिक हे बदलतं, म्हणून शक्य असेल तर सिरिंजनेच मोजा.

माप: ४० मिली स्पिरिट, त्यात १ मिली तेल, नीट हलवायचं, तेल स्पिरिटमध्ये विरघळून एकदम नितळ होतं. मग वरून ६० मिली पाणी. पाणी पडल्या पडल्या सगळं दुधासारखं पांढरं होतं, मी घाबरले, वाटलं बिघडलं. बिघडलेलं नसतं. तेलाचे बारीक कण पाण्यात लटकतात म्हणून तसं दिसतं. दोन-तीन दिवसांनी थोडं वर येतं, मारायच्या आधी हलवायचं.

आणि लगेच पुढची चूक. चहा उकळत होता, मुंग्या दिसल्या, मी तिथल्या तिथे फवारलं. भप्प करून निळी-पिवळी ज्वाळा फूटभर, माझ्या हातावरचे केस जळले, वास आला तेव्हा कळलं. जळणारच, स्पिरिटच ते. तेव्हापासून बाटलीवर मार्करने लिहिलंय: गॅस बंद, सिलेंडरची कळ बंद, खिडकी उघडी, मगच. उदबत्ती आणि देवाचा दिवा पण त्यात आले.

आता मुंग्यांचं. आधी साबणाच्या पाण्याने रांगेची वाट पुसून काढायची, कारण त्या वासाच्या वाटेनेच त्या येतात, मग हा फवारा. असं केलं तर दोन दिवस शांतता, कधी तीन. चौथ्या दिवशी परत. चार वेळा केल्यावर मी टॉर्च घेऊन बसले आणि कुठून येतात ते शोधलं: खिडकीखालच्या दोन टाइल्समधला सिमेंटचा सांधा पडलाय, पेन्सिलीचं टोक जाईल एवढं भोक.

२२ जून, शनिवार

आईंचं डोकं. बाहेर पाऊस कोंदला की दुखतं, जुनं आहे. सकाळी त्यांनी मला न विचारता बाटलीतलं तेल बोटावर घेऊन दोन्ही कानशिलांना आणि भुवयांच्या मध्ये चोळलं, "बामच तर आहे". पाच मिनिटं गार, मग आग, मग त्या पाणी मारायला गेल्या तर आग वाढली. कपाळावर दोन लालभडक पट्टे, डोळ्यातून पाणी. खोबरेल लावून कापसाने टिपून घेतलं, तीनदा, मग साबण. लाली संध्याकाळपर्यंत राहिली. दुपारी गरम पाण्याने तोंड धुतलं तर परत चुणचुण सुरू, तर लावल्यावर लगेच गरम पाणी नको.

मग नीट केलं. ३० मिली खोबरेल, त्यात १२ थेंब. कागदावरचा हिशोब २ टक्के, माझ्या २७ थेंबांच्या हिशोबाने खरं दीड टक्काच. चालतंय. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, आई याला "तुझं आपलं काहीतरी" म्हणाल्या, पण थांबल्या. छोट्या रोल-ऑन बाटलीत भरून दिलंय, बोट लागत नाही म्हणजे नंतर डोळ्याला जात नाही.

फरक पडतो का? त्यांना पडतो म्हणतात, अर्धा तास बरं वाटतं. वाचलं तर हे अगदीच आजीच्या बटव्यातलं नाही, जर्मनीत १९९६ साली ताणाच्या डोकेदुखीवर चाचणी झालेली आहे, अल्कोहोलमधलं १० टक्के पेपरमिंट तेल कपाळाला लावून, आणि परिणाम पॅरासिटामॉलच्या १००० मिलिग्रॅमच्या जवळपास होता. पण ती मोजून केलेली चाचणी होती, १० टक्के आपण घरी खेळायचं प्रमाण नाही, निदान आमच्या घरी नाही. आणि डोकं अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, उलटी झाली, बोलताना जीभ अडखळली तर तेल घेऊन बसायचं नाही, दवाखाना.

३० जून, रविवार

उंदीर. मनी नावाची मांजर, उंदीर दिसला की बाजूला सरकून वाट देते, त्यामुळे तिचा उपयोग नाही. माळ्यावर आणि न्हाणीशेजारच्या कोठीत रात्री खुडबुड. कापसाचे बारा बोळे, प्रत्येकावर ८-१० थेंब, कोपऱ्याकोपऱ्यात. एका बैठकीत चार मिली तेल गेलं.

पहिल्या रात्री आवाज नाही. नवरा म्हणाला जमलं बुवा. तिसऱ्या रात्री परत खुडबुड. बोळ्यांचा वास तोपर्यंत निम्मा, परत तेल टाकलं.

७ जुलै, रविवार

ही नोंद मांजरवाल्यांनी वाचाच.

परवा मी डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत सोडणारं यंत्र, पण आणला होता (७५० रुपये, मोह झाला), दोन रात्री हॉलमध्ये लावला. आणि काल सकाळी फरशी पुसायच्या बादलीत २० थेंब टाकून सगळं घर पुसलं. तासाभराने मनी सोफ्याखाली. बाहेर येईना. वाकून बघितलं तर हनुवटी ओली, लाळ गळतेय, शिंकतेय आणि पुढचा पंजा झटकून झटकून चाटतेय. तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की ती त्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन. त्यांनी आधी विचारलं, मांजर चालताना झोकांड्या देतेय का, श्वास तोंडाने घेतेय का? दोन्ही नाही. मग सांगितलं, पंजे कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाने धुवा, सगळ्या खिडक्या उघडा, उलटी करवायला जाऊ नका, आणि यातलं काही वाढलं तर लगेच घेऊन या. मांजराच्या लिव्हरला असली तेलं पचवून बाहेर टाकता येत नाहीत, माणसाला किंवा कुत्र्याला जेवढं जमतं तेवढं तिला जमत नाही. पंजे धुताना मनीने माझ्या हाताचं जे केलं त्याचे ओरखडे अजून आहेत. रात्री जेवली नाही, सकाळी दूध प्यायली, दुपारी परत नेहमीची.

फरशी साध्या पाण्याने तीनदा पुसली. डिफ्यूझर खोक्यात. मुंग्यांचा खडू नको म्हणून हिच्यासाठीच तर हे आणलं होतं.

१० जुलै, बुधवार

मनी कोठीत जाते म्हणून बोळे काढायला घेतले. बारा ठेवलेले, नऊ सापडले. उरलेले तीन शोधताना जुन्या पेपरच्या गठ्ठ्यामागे सापडलं घरटं: पेपरच्या चिंध्या, गोणपाटाचे धागे, आणि वर मऊ अंथरूण म्हणून माझाच कापूस, पिंजून. अजून हलका पेपरमिंटचा वास येत होता. मी तिथेच बसून हसले, नवऱ्याला बोलावून दाखवलं, तो म्हणाला बाळंतपणाची सोय केलीस.

ज्यांना उंदरांसाठी हे तेल घ्यायचंय त्यांनी पैसे वाचवा. न्हाणीच्या पाइपभोवती भिंतीत दीड इंचाची फट होती. भांडी घासायच्या तारेच्या तीन घासण्या (४५ रुपये) उलगडून त्यात कोंबल्या, वरून पांढरं सिमेंट (किलोभर ४०) लिंपलं. तार दाताने कुरतडता येत नाही, नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरून टाकतात. त्याच सिमेंटचं बोटभर मिश्रण खिडकीखालच्या टाइलच्या भोकात. एक दुपार गेली, नखं गेली. आठ दिवस झाले की बघू.

१४ जुलै, रविवार

उरलेलं तेल जास्त टिकावं म्हणून गेल्या आठवड्यात बाटली फ्रीजच्या दारात ठेवली होती. आज काढली तर आत सुया. बाटलीच्या तळापासून वर पारदर्शक लांब सुया उभ्या, एकमेकांत अडकलेल्या, आणि त्यांच्यामध्ये थोडंसं तेल. काचेचे तुकडे पडले की काय म्हणून आधी घाबरले. एक सुई काडीवर घेतली, बोटांत चोळली, वितळली आणि बोटं गार. हे तर पुदिन्याचं फूल, म्हणजे मेन्थॉल! आई अमृतधारा करतात तेव्हा कापूर, ओव्याचं फूल आणि हेच आणतात, तिघं एका बाटलीत टाकले की आपोआप पाणी होतं.

मग भिंग घेऊन लेबल वाचलं. मेंथा आर्वेन्सिस. पेपरमिंट म्हणजे मेंथा पायपेरिटा, ते वेगळं झाड. आर्वेन्सिस म्हणजे आपल्याकडे ज्याला जपानी पुदिना म्हणतात, उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल भागात शेतंच्या शेतं असतात आणि भारत यात जगात पहिला. त्याच्या तेलात मेन्थॉल ७०-८० टक्के, खऱ्या पेपरमिंटमध्ये साधारण ३० ते ५५. मेन्थॉल काढतातच असं, तेल गार करून सुया गोळा करायच्या. मी फ्रीजमध्ये कारखाना काढला होता.

म्हणजे आईंच्या कपाळाला आणि माझ्या डोळ्याला लागलं ते वाचलं होतं त्यापेक्षा बरंच कडक होतं. तेल खोटं नाही, भेसळ पण नाही, पण ते जे नाव मोठ्या अक्षरात आहे ते नव्हे. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, सगळे यालाच पेपरमिंट म्हणतात. ते पण खरं आहे.

सुया असताना वरचं तेल वापरायचं नाही, मेन्थॉल सगळं खाली बसलेलं असतं, प्रमाण चुकतं. बाटली घट्ट बंद करून कोमट पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं ठेवली, सगळं विरघळलं. आता कपाटात ठेवते, अंधारात, फ्रीजमध्ये नाही.

नवीन १० मिली, पायपेरिटा लिहिलेली, ४२० रुपये. दोन्हींचा वास कागदाच्या पट्टीवर शेजारी शेजारी घेतला: पहिलीचा सरळ बामचा, दुसरीचा जरा गोडसर, चघळायच्या गोळीसारखा.

याच गडबडीत दोन बारीक नुकसानं. ड्रॉपरचं रबर तेलात राहून फुगलं आणि चिकट झालं, आता उभ्या बाटलीत ड्रॉपर ठेवत नाही. आणि बाटली थर्माकोलच्या खोक्यात ठेवली होती, जिथे ओघळ लागला तिथे खोक्याला खड्डा.

२१ जुलै, रविवार

एक तरी धड झालेलं लिहिते. बाथरूम. छोट्या बरणीत १०० ग्रॅम खायचा सोडा, नवीन तेलाचे ८ थेंब, चमच्याने ढवळून तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर. खिडकीच्या वरच्या फळीवर, मनी पोचत नाही आणि बाथरूमचं दार बंदच असतं. पावसाळ्यातला ओल्या टॉवेलचा वास तीन दिवसांत गेला, दर पंधरवड्याला ४ थेंब. दुसरी बरणी चपलांच्या कपाटात. सोडा ३० रुपये. यात मला काही शिकायला मिळालं नाही त्यामुळे लिहायला पण काही नाही.

उंदीर: आवाज नाही. मुंग्या: खिडकीकडून नाहीत.

४ ऑगस्ट, रविवार

नवऱ्याला गटारीची पार्टी बाधली. रात्री अकराला छातीत जळजळ, पुदिना पोटाला चांगला म्हणून याने पेलाभर पाण्यात जुन्या बाटलीतले तीन थेंब टाकून पिऊन टाकले, मला सकाळी सांगितलं. तेल पाण्यावर तरंगलेलं, सगळं पहिल्या घोटातच ओठाला आणि घशाला. घसा सोलल्यासारखा झाला आणि जळजळ दुप्पट, कारण पेपरमिंटने जठराच्या वरची झडप सैल पडते आणि आंबट उलट वर येतं. पोटासाठी या तेलाच्या ज्या कॅप्सूल मिळतात त्या आतड्यात जाऊन फुटतील अशा कोटिंगच्या असतात आणि डॉक्टर देतात. पुदिना हवा होता तर परसात कुंडी आहे, चार पानं खुडायची.

सकाळपर्यंत बरा होता. तरी यावरून चौकशी केली: पोराने वगैरे हे तेल प्यायलं तर उलटी करवायची नाही, तेल फुफ्फुसात गेलं तर ते जास्त वाईट. तोंड पुसायचं, बाटली सोबत घ्यायची आणि सरळ हॉस्पिटल. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेसाठी चोवीस तास माहिती केंद्र आहे, टोल फ्री १८०० ११६ ११७, नंबर फ्रीजवर चिकटवलाय. बाटल्या आता कुलुपाच्या कपाटात, पोराच्या आणि नवऱ्याच्या हाताबाहेर.

१९ ऑगस्ट, सोमवार, राखी पौर्णिमा

नणंद काल पुण्याहून आली, सोबत चौदा महिन्यांची भाची, नाक पूर्ण चोंदलेलं, रात्रभर कुणी झोपलं नाही. पहाटे चारला मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. आई ओट्यापाशी, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात त्यांची अमृतधारेची बाटली.

"आई, काय करताय?"

"काही नाही गं, दोन थेंब रुमालावर टाकते आणि उशाशी ठेवते. थोडं छातीला. लगेच मोकळं होतं."

मी बाटली हातातून घेतली. अशी हिसकावूनच घेतली म्हणजे, सात वर्षांत त्यांच्या हातातून मी काही घेतलं नसेल. म्हटलं, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हे नाही चालत, नाकाजवळ मेन्थॉल गेलं की घसा आवळला जातो, श्वास अडकू शकतो, आणि यात तर कापूर पण आहे, तो पोटात गेला तर फिट येते.

"चार पोरं वाढवली मी याच्यावर."

यावर मी काय बोलणार. चारातला एक आतल्या खोलीत घोरत होता. नणंद आवाजाने बाहेर आली, आधी आईच्या बाजूने, "वहिनी, थोडं लावलं तर काय होतंय, ती किती रडतेय बघ ना". मी म्हटलं तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांना सात वाजता फोन लावू, ते लाव म्हणाले तर मी स्वतः लावते. तोपर्यंत बाळाला खांद्यावर उभं धरून हॉलमध्ये आळीपाळीने फेऱ्या. मध्येच आठवलं की पाहुण्यांच्या खोलीत काल सकाळी मी मुंग्यांसाठी फवारलं होतं! सगळ्या खिडक्या उघडल्या, खिडकीची कड साबणाच्या पाण्याने पुसली, गादी हॉलमध्ये आणली. म्हणजे आईंना बोलत होते आणि मीच आधी करून बसले होते. हे त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहरा जरा सैलावला.

सात वाजता डॉक्टर स्पीकरवर. मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब, दूध पाजायच्या आधी, थोडं थोडं पाजा, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा दूध सोडलं तर इथल्या डॉक्टरांना लगेच दाखवा. बाम, मेन्थॉल, कापूर, काही नाही. आईंनी मध्येच विचारलं, ओव्याची पुरचुंडी? ती गरम असते, बाळाच्या अंगाला आणि चेहऱ्याजवळ नको, म्हणाले.

आई "बरं, डॉक्टर म्हणतात म्हणून" म्हणाल्या आणि नारळीभाताला लागल्या. दुपारी बाळ नाक सुरसुर करत झोपलं. अमृतधारेची बाटली त्यांनी स्वतःच माझ्या कुलुपाच्या कपाटात आणून ठेवली, किल्ली मात्र मागून घेतली.

२५ ऑगस्ट, रविवार

आतापर्यंतचा खर्च. तेलं ७००, स्पिरिट ५५, स्प्रेच्या बाटल्या १२०, सोडा ३०, डिफ्यूझर ७५०, डोळ्यांचे डॉक्टर ३००, लेन्स ४००, घासण्या ४५, सिमेंट ४०. एकूण २४४०. मुंग्या आणि उंदीर दोन्ही ज्याने थांबले ते त्यातले शेवटचे ८५ रुपये. वेळ धरला नाही, धरला तर नवरा ही वही लपवेल.

स्पिरिटचा फवारा आता क्वचित, मनी बाहेर असताना, आणि फक्त रांग फुटली तर तेवढ्यापुरता. आईंचा रोल-ऑन नवीन तेलाचा भरून दिलाय, चालू आहे. बाथरूमची बरणी चालू आहे. जुन्या बाटलीत तीन मिली उरलंय, त्यावर "जपानी पुदिना, कडक" अशी चिठ्ठी चिकटवली.

६ सप्टेंबर, शुक्रवार, हरतालिका

उद्या गणपती. दुपारी उपाशीपोटी मोदकांचं सारण करून ठेवलं, गूळ-खोबरं, वेलची, डबा ओट्यावर. तासाभरात मुंग्या. खिडकीकडून नाही, ते भोक पक्कं आहे, या वेळी वरून, ट्यूबलाइटच्या पट्टीमधून. सवयीने फवाऱ्याला हात गेला, मग वाटलं नैवेद्याच्या सारणाला बामचा वास नको. आईंनी माझ्याकडे बघितलं, फळीवरून एक खोलगट ताटली काढली, पाणी ओतलं आणि डबा तिच्या मधोमध ठेवला. "हे आधी विचारायचं होतंस," म्हणाल्या.

ट्यूबलाइटची पट्टी गणपती गेल्यावर उघडते. सिमेंट अर्धा किलो शिल्लक आहे, पण विजेच्या वायरी आहेत तिथे, तर आधी वायरमन.